कोंडीत अडकलेला पर्यटक काय करतो?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की गोव्याच्या सीमांवरील चित्र दरवर्षी सारखेच दिसते. पत्रादेवी, चोर्ला, मोले आणि पोळे अशा चारही वाटांनी परराज्यांतील मोटारी राज्यात उतरू लागतात. इथेच भाड्याने घेतलेल्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या ‘रेंट अ कार’ त्यांत मिसळतात. मग पर्वरी, म्हापसा, कळंगुट, बागा, हणजूण या पट्ट्यात वाहनांच्या रांगा लागतात आणि त्यांची छायाचित्रे नाताळच्या बातम्यांचा अपरिहार्य भाग बनतात. ३,७०२ चौरस किलोमीटरचे आणि २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार वस्तीचे हे राज्य. २०२४ मध्ये येथे सुमारे १ कोटी पर्यटक आले आणि त्यांतील बहुसंख्य देशातलेच होते. देशी पर्यटक आणि मोटार यांचे नाते लक्षात घेतले तर रस्त्यांवरील ताणाचा अंदाज यायला आकडेमोडीची गरज नाही.

या कोंडीवरची चर्चा बहुधा रस्ता, पूल आणि पोलीस या तीन शब्दांभोवती फिरते. रस्ता रुंद करा, पूल उभारा, चौकात पोलीस नेमा. मात्र एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोटारीत बसलेला माणूस समोर रांग दिसल्यावर काय करतो? तो परत फिरतो का? थांबतो? आडवाट शोधतो? पुढच्या वर्षी मोटार घरी ठेवून रेल्वेने येतो? रस्त्यावर केलेला कोणताही उपाय फळेल की फसेल, हे बऱ्याच अंशी या उत्तरांवर ठरते.

नोकरदार आणि सहलकरी

पणजीला रोज कामावर जाणारा माणूस आपला रस्ता ओळखून असतो. कोणत्या वाजता कुठे किती वेळ मोडतो, हे तो अनुभवाने शिकतो आणि घरातून निघण्याची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी मागेपुढे करीत स्वतःपुरता तोल साधतो. सहलीला निघालेल्या कुटुंबाजवळ हे शिकलेपण नसते. ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा येते. रजेचे दिवस मोजके असतात, हॉटेलचे पैसे आधीच भरलेले असतात, मागच्या आसनावर मुले आणि आजी-आजोबा असतात, डिकी सामानाने भरलेली असते. इतकी तयारी झाल्यावर वाटेत दोन तास वाया गेले म्हणून कोणी बेळगावहून माघारी वळत नाही. जितका खर्च आणि जितका प्रवास मागे पडलेला, तितकी पुढे जाण्याची जिद्द अधिक.

आणखी एक फरक आहे. कामावर जाणाऱ्याला पोहोचण्याची वेळ बांधलेली असते. सहलकऱ्याला ती वरकरणी तरी मोकळी असते. तो दुपारी पोहोचला काय आणि सायंकाळी पोहोचला काय, त्याला जाब विचारणारे कोणी नसते. पण हे स्वातंत्र्य बरेचसे कागदावरचे. हॉटेलची खोली सकाळी सोडायची आणि नवी खोली दुपारनंतरच मिळायची, हा दंडक सर्वत्र असल्याने जाणारे आणि येणारे एकाच सुमारास रस्त्यावर येतात. सूर्यास्त किनाऱ्यावर पाहायचा असतो, म्हणून सायंकाळी सगळ्या मोटारी एकाच दिशेला तोंड करतात. अंधार पडला की त्याच मोटारी एकाच वेळी मागे फिरतात. कोंडीचे वेळापत्रक असे सहलीच्या रिवाजातूनच तयार होते.

आधी सोपे, मग अवघड

कोंडीला माणूस ज्या प्रकारे सामोरा जातो त्यांत एक क्रम आढळतो. ज्याला सर्वांत कमी त्रास पडतो ते तो आधी करतो. पहिली गोष्ट म्हणजे निमूट सोसणे: गाणी लावायची, खाऊचे डबे उघडायचे, रांगेत राहायचे. दुसरी, निघण्याची वेळ बदलणे. तिसरी, वाट बदलणे. चौथी, बेत बदलणे, म्हणजे बाग्याला जायचे ते मोरजीला जाणे किंवा आजचा किल्ला उद्यावर टाकणे. पाचवी, वाहन बदलणे. आणि शेवटची, सहलच रद्द करणे किंवा पुढच्या वर्षी दुसरा प्रदेश निवडणे.

या उतरंडीतील पहिल्या तीन पायऱ्या चालकाच्या हातात असतात आणि त्यांना फारसा खर्च येत नाही, म्हणून बहुतेक प्रतिसाद तिथेच संपतात. खालच्या पायऱ्यांपर्यंत माणूस सहसा नाइलाजाने उतरतो. सरकारचे उपाय मात्र पुष्कळदा त्याच खालच्या पायऱ्यांवर, म्हणजे ‘लोकांनी मोटारी सोडून बस वापरावी’ अशा आवाहनावर, भिस्त ठेवतात.

वेळ बदलली, गर्दीही सरकली

‘रात्री निघू, पहाटे घाट उतरू, गर्दी लागणार नाही.’ पुणे, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर अशा शहरांतून निघणाऱ्या असंख्य कुटुंबांचा हाच हिशेब असतो. तो चुकीचा नाही. परंतु तो सगळ्यांनीच केला की पहाटही गर्दीची होते. अमेरिकेत काम करणारे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६९ मध्ये या वर्तनाचा गणिती आराखडा मांडला. अरुंद जागेपाशी रांग लागते, तेव्हा काही जण रांग टाळण्यासाठी गैरसोयीच्या वेळी निघतात, तर काही जण सोयीची वेळ साधण्यासाठी रांग सोसतात. आणि अखेर दोघांचा एकूण त्रास जवळपास सारखा होतो. विकरी यांना पुढे १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेळ बदलण्याच्या या वृत्तीला एक मर्यादा असते, ती म्हणजे बांधलेली तारीख. मुंबईहून कोकणात आणि गोव्यात येणारा चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत घरी पोहोचलाच पाहिजे. गणपती त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणूनच गणेशोत्सवात महाराष्ट्र शासनाला मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक काळ बंदी घालावी लागते. ३१ डिसेंबरची रात्रही अशीच बांधलेली. मात्र डिसेंबरचे उरलेले दिवस, लागून आलेल्या सुट्ट्या आणि उन्हाळ्याची रजा यांत पर्यटकाला अर्धा दिवस इकडे-तिकडे सरकता येतो. ही सवड किती मोलाची आहे, हे पुढे दिसेल.

वाट बदलली, कोंडी गावात शिरली

पूर्वी अनोळखी प्रदेशात आलेला चालक महामार्ग सोडायला धजत नसे. आता त्याच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमधला नकाशा त्याला ‘सात मिनिटे वाचतील’ असे सांगून साळगाव, पर्रा, हडफडे, शिवोली यांच्या अंतर्गत रस्त्यांवर वळवू शकतो. त्या रस्त्यांना पदपथ नाहीत. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत, मध्येच वडाचे झाड किंवा क्रूस. समोरून बस आली तर एकाला मागे जावे लागते.

या वळवण्याचा शेवट काय होतो, हे ब्रिटिश संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी मोबाईलचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १९५२ मध्ये, सांगून ठेवले आहे. प्रत्येक चालक स्वतःपुरती सर्वांत जलद वाट निवडत गेला, तर वापरात असलेल्या सर्व वाटांवर अखेर सारखाच वेळ लागतो. म्हणजे महामार्गावर चाळीस मिनिटे लागत असतील, तर आडवाटही चाळीस मिनिटांची होईपर्यंत तिच्यात मोटारी शिरत राहतात. महामार्गाच्या एका चांगल्या मार्गिकेतून तासाला साधारण दोन हजार मोटारी जाऊ शकतात. गावच्या वळणदार रस्त्याची ताकद त्याच्या तुलनेत अगदी थोडी. तो काही मिनिटांतच भरतो. पहिल्या काही मोटारींचा वेळ वाचतो, नंतरच्यांचा वाचत नाही, आणि किंमत मोजतो तो त्या वाड्यावरचा माणूस, ज्याने कोणतीही वाट निवडलेलीच नसते. त्याला मासळी आणायला बाजारात जायचे असते, मुलाला शिकवणीला सोडायचे असते, पंचायतीत दाखला आणायचा असतो.

याहून गंभीर बाब रुग्णवाहिकेची. उत्तर गोव्यातील अत्यवस्थ रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे तर मांडवी ओलांडावी लागते. सिंधुदुर्गातून येणारे रुग्णही याच वाटेने येतात. मांडवीवर पूल तीन असले तरी ते शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे पर्वरीकडची रांग तिघांच्याही तोंडाशी पोहोचते. महामार्ग तुंबलेला असताना रुग्णवाहिकेच्या चालकाला अंतर्गत रस्ता हाच आधार उरतो. तोही पर्यटकांच्या मोटारींनी भरला की त्याच्यापाशी दुसरा पर्याय राहत नाही.

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांताने नेमक्या या दुखण्यावर २०१९ च्या उन्हाळ्यात कठोर उपाय केला. जर्मनीतून इटलीकडे सुट्टीसाठी जाणाऱ्या मोटारी ब्रेनर खिंडीच्या महामार्गावर कोंडी झाली की आजूबाजूच्या खेड्यांतून वाट काढीत. प्रांताने शनिवार-रविवारी अशा मोटारींना महामार्ग सोडून खाली उतरण्यास मनाई केली आणि उतारांवर पोलीस उभे केले. त्याच गावांत मुक्कामाला जाणाऱ्यांना आणि स्थानिकांना सूट होती. शेजारच्या जर्मनीत त्यावर नाराजी उमटली, तरीही तिरोलने पुढील वर्षांतही हा निर्बंध चालू ठेवला. कोंडी त्यामुळे नाहीशी झाली नाही. ती महामार्गावरच राहिली आणि गावे मोकळी राहिली.

मोटार सोडणे इतके अवघड का?

२०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने एक प्रयोग केला. कोलाड ते वेर्णा अशी, मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी सुरू केली. एका खेपेत ४० मोटारींची सोय, मोटारीमागे ७,८७५ रुपये भाडे आणि प्रवाशांचे तिकीट वेगळे. कल्पना चांगली होती; प्रतिसाद मात्र फारच थोडा मिळाला. कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. मुंबईकराला कोलाडपर्यंतचा महामार्गाचा त्रासदायक टप्पा स्वतःच पार करायचा होता. गाडी सायंकाळी सुटणार, पण मोटार चढवण्यासाठी काही तास आधी हजर राहायचे होते. पेट्रोल आणि टोल यांच्या हिशेबात ते भाडेही जड वाटणारे होते.

याच कोकण रेल्वेवर मालमोटारींची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. मालमोटारीचा मालक डिझेल, टायर, चालकाचा पगार आणि घाटातली झीज यांचा रोखीने हिशेब करतो. सहलकरी स्वतःच्या मोटारीची झीज आणि स्वतःचा थकवा हिशेबात धरत नाही. त्यातच गोव्यात उतरल्यावर किनाऱ्यापासून देवळापर्यंत आणि देवळापासून हॉटेलपर्यंत फिरायचे कसे, या प्रश्नाला कदंबची बस, टॅक्सी किंवा मोटारसायकल पायलट यांतून चार-पाच जणांच्या कुटुंबाला पटेल असे उत्तर मिळत नाही. मोटार सोबत आणण्यामागे हौस असतेच, पण त्याहून अधिक असते ती मुक्कामावरची सोय. ती सोय दुसऱ्या मार्गाने मिळेपर्यंत केवळ आवाहनाने मोटार सुटणार नाही.

नवा पूल आणि परतून येणारी गर्दी

मांडवीवरील अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. झुआरीवरील नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस मिळाली. कुठ्ठाळीच्या रांगेत ज्यांनी आयुष्यातील तास घालवले, त्यांना त्या पुलाचे मोल सांगण्याची गरज नाही. हे पूल आवश्यकच होते. तरीही पुलामुळे सुट्टीची कोंडी संपेल ही अपेक्षा वेगळी, आणि ती का पुरी होत नाही याचे स्पष्टीकरण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी दिले आहे. गर्दीच्या वेळच्या महामार्गांविषयीचा त्यांचा सिद्धान्त १९६२ सालचा.

रस्ता रुंद झाल्याची बातमी पसरली की तीन प्रकारचे लोक त्यावर परततात. गर्दी टाळण्यासाठी अवेळी निघणारे पुन्हा सोयीच्या वेळी निघू लागतात. आडवाट धरलेले मुख्य रस्त्यावर येतात. रेल्वे किंवा बसने जाणारे मोटार काढतात. वर वर्णिलेली उतरंड इथे उलट दिशेने चढली जाते. सुट्टीच्या प्रवासात आणखी एक चौथा गट येतो: ‘आता रस्ता चांगला झाला’ म्हणून प्रथमच मोटारीने येणारा. शिवाय एक अडसर दूर झाला की रांग पुढच्या अडसरापाशी जाऊन उभी राहते. रुंद पुलावरून सुसाट आलेल्या मोटारींना अखेर कळंगुटच्या त्याच अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी लावलेल्या वाहनांमधूनच जायचे असते.

थोड्या मोटारी, मोठा फरक

मग उपाय नाहीच का? आहे, आणि तो वाहतुकीच्या एका गुणधर्मात दडलेला आहे. रस्त्यावर मोटारी वाढतात त्या प्रमाणात वेळ वाढत नाही. बराच काळ काहीच जाणवत नाही आणि मग वेळ झपाट्याने वाढतो. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने १९६४ मध्ये मांडलेले एक सूत्र नियोजनकार आजही वापरतात. ते ढोबळ आहे, पण स्वरूप समजायला पुरेसे आहे. समजा, मोकळ्या रस्त्यावर एखाद्या प्रवासाला ६० मिनिटे लागतात. रस्त्याच्या क्षमतेइतक्या मोटारी आल्या तर या सूत्रानुसार ६९ मिनिटे लागतील. क्षमतेच्या दीडपट मोटारी आल्या तर १०६ मिनिटे. आता त्यांतील पाचपैकी एक मोटार त्या वेळी आलीच नाही, तर उरलेल्यांचा वेळ १०६ वरून ७९ मिनिटांवर येईल. म्हणजे पाचातला एक दुसऱ्या वेळी निघाला, की उरलेल्या चौघांचे प्रत्येकी २७ मिनिटे वाचतात.

सर्वांनी मोटार सोडण्याची गरज नाही, निम्म्यांनीही नाही. ज्यांना वेळ सरकवणे शक्य आहे अशा थोड्यांनी ती सरकवली, तरी पुरेसा फरक पडतो. आणि वेळ सरकवणे ही तर पर्यटकाच्या उतरंडीतील सोप्या पायऱ्यांपैकी एक.

फ्रान्सने हीच पायरी पकडली. तिथे जुलैचे सुट्टीकर परततात आणि ऑगस्टचे निघतात, तो आठवडाअखेर कुप्रसिद्ध आहे. ऑगस्ट १९७५ मधील अशाच एका शनिवारी देशभरातील रांगांची एकत्रित लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरली. पुढच्याच वर्षी सरकारने ‘बिझों फ्यूते’, म्हणजे ‘चतुर गवा’, या नावाने पूर्वसूचना सेवा सुरू केली. कोणत्या दिवशी कोणत्या भागात किती गर्दी असेल, याचे हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा चार रंगांचे वेळापत्रक ती आगाऊ जाहीर करते. जाण्याचे रंग वेगळे, परतण्याचे वेगळे. जर्मनीत शाळांच्या उन्हाळी सुट्ट्याच राज्यागणिक वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात. काळे शनिवार फ्रान्समध्ये आजही येतात. पण ते येणार हे आधी कळलेले असते आणि ज्याला शक्य आहे तो शुक्रवार किंवा रविवार धरतो.

आपल्या देशात निलगिरीचे उदाहरण आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी एरवी दिवसाला ६,००० आणि आठवडाअखेर ८,००० वाहनांची मर्यादा घातली गेली. स्थानिकांना त्यातून वगळले आहे. गोव्याच्या सीमेवर ही पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून कारवार आणि सिंधुदुर्ग यांच्यामधली वाहतूक गोव्यातूनच जाते. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा येथील शेकडो लोक रोज कामाला इकडे येतात. त्यांना परवान्याच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल.

गोव्याच्या हातात काय आहे?

पूर्ण राज्याला कुंपण घालता येत नसले तरी मोजक्या किनारी गावांच्या पातळीवर बरेच करता येते. पहिली गोष्ट म्हणजे गर्दीचे दिनमान. नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शिगमो-कार्निव्हलचे दिवस वर्षभर आधी ठाऊक असतात. घाट, पूल आणि किनारे यांचे तासवार अंदाज आठवडाभर आधी प्रसिद्ध करणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. फ्रान्सने त्यासाठी गवा निवडला. गवा तर गोव्याचा राज्यप्राणी आहे. हा अंदाज पर्यटकाला घरून निघण्यापूर्वी मिळाला पाहिजे. घाटाच्या पायथ्याशी लावलेला फलक त्याच्या उपयोगाचा नसतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत निवडीची वेळ टळून गेलेली असते.

दुसरी गोष्ट हॉटेलांची. खोली घेण्याच्या आणि सोडण्याच्या वेळा गर्दीच्या दिवशी काही तासांनी पसरल्या, तर त्यातून सरकणाऱ्या मोटारी रस्ता रुंद करण्याइतकेच काम करतील, आणि त्यासाठी एक इंचही जमीन संपादित करावी लागणार नाही. तिसरी, गावांच्या अंतर्गत रस्त्यांना तिरोलसारखे संरक्षण: ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत, तिथे मुक्काम नसलेल्या वाहनांना मनाई, आणि रुग्णवाहिकेसाठी राखलेली एक वाट. चौथी, किनाऱ्यापासून दूर वाहनतळ आणि तिथून रात्री उशिरापर्यंत दर दहा मिनिटांनी सुटणारी बस. बस उशिरापर्यंत असली पाहिजे, कारण पर्यटकाला जाण्याइतकीच परतण्याची काळजी असते. परतीची हमी नसेल तर तो मोटार थेट वाळूपर्यंत नेणारच.

यातील प्रत्येक उपाय पर्यटकाला तो जसा आहे तसा धरून चालतो. तो सहल रद्द करणार नाही, रांग दिसली म्हणून माघारी वळणार नाही आणि उपदेशाने मोटार सोडणार नाही. पण त्याला वेळेवर नेमकी माहिती मिळाली तर तो दोन तास आधी निघेल, किंवा दोन तास किनाऱ्यावर अधिक रेंगाळेल; सुट्टीत त्याला तेवढी सवड असते. त्या सवडीचा उपयोग करून घ्यायचा, की नकाशाने दाखवलेल्या आडवाटेने त्याला वाड्यावाड्यांत शिरू द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे. पुढचा नाताळ कोणत्या तारखेला येणार, हे तर आपल्याला आजच ठाऊक आहे.